तिसरी तार खोडू नका : कोल्हापुरातल्या बिल्डर, आर्किटेक्ट आणि विद्युत ठेकेदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. आज या शहरात कुठल्याही साइटवर गेलो, की डीबीपाशी, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डापाशी, उभा असलेला कुणीतरी "सर, तुम्ही इकडं कसं?" म्हणत पुढे येतो. त्यामुळे हे पत्र परक्यांना लिहितोय असं वाटत नाही. तरीही ते उघड लिहितो आहे, कारण ज्यांनी घर बुक केलंय किंवा करणार आहेत, त्यांनाही यातलं कळायला हवं.

शहराच्या हद्दीला लागून रो-हाउसची एक स्कीम चालू आहे. मुलानं आणि मी मिळून तिथे एक घर घेतलंय, तळमजला अधिक दोन मजले. खाली माझी आई राहणार. तिचं वय पंच्याऐंशीच्या पुढे आणि कान अगदीच मंद. मधल्या मजल्यावर आम्ही दोघं आणि एक पाहुण्यांची खोली, वर मुलगा, सून आणि नातवंडं. विजेच्या नकाशात मी आर्किटेक्टकडून एकमेकांना जोडलेल्या स्मोक अलार्मचे पॉइंट काढून घेतले होते. चार झोपायच्या खोल्या, तिन्ही मजल्यांवर जिन्याजवळची मोकळी जागा आणि स्वयंपाकघर, मिळून आठ. गेल्या महिन्यात 'सुधारित' नकाशा हातात पडला, त्यात हे आठही पॉइंट गायब. साइटवरच्या इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, "सर, कोडात नाही ते. सगळ्याच घरांचं काढलंय." फोन नाही, पत्र नाही, सहीसुद्धा मागितली नाही.

स्कीमचं नाव मी सांगणार नाही. या बिल्डरला एकट्याला उभं करून काही साधत नाही. दुसऱ्या कुठल्याही साइटवर नकाशा मागून पाहा, बहुतेक ठिकाणी खोडायलासुद्धा काही सापडणार नाही.

घर घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ठेकेदारांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण वाचलात तर बरं. साधा बॅटरीवरचा स्मोक अलार्म ज्या खोलीत आहे तिथेच वाजतो. जिन्याखाली इन्व्हर्टर किंवा चार्जिंगला लावलेली ई-बाइक रात्री धुमसायला लागली, तर तळमजल्यावरचा अलार्म ओरडेल. वरच्या मजल्यावर दार लावून, एसी चालू ठेवून झोपलेल्याला तो ऐकू जाईलच असं नाही. आणि त्याला ऐकू येईपर्यंत धूर त्याच जिन्यानं वर आलेला असतो, ज्या जिन्यानं त्याला खाली उतरायचंय. जोडलेल्या यंत्रणेत एकाला धूर लागला की घरातले सगळे अलार्म एकदम वाजतात. त्यासाठी प्रत्येक अलार्मला फेज आणि न्यूट्रलशिवाय सिग्नलची एक तार लागते, एका अलार्मकडून दुसऱ्याकडे फिरत गेलेली. वीज घरच्या लाइनची, आणि लाइट गेली तर आत बॅटरी. त्यात चमत्कार काही नाही. एक जादा तार आहे, आणि ती नकाशातून खोडली गेली.

इशारा म्हणजे काय हे आपल्या गावाला शिकवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथली शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी कुटुंबांनी याच आकड्यांवर नजर ठेवून वेळेत सामान वर चढवलं. पाण्यासाठी दोन पातळ्या तोंडपाठ असलेलं हे गाव घरातल्या धुरासाठी एकही पातळी ठेवत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार 'कोडात नाही' या उत्तराची. उत्तर खोटं नाही, म्हणूनच ते जास्त त्रास देतं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे, आणि त्यातली सक्ती उंचीप्रमाणे वाढत जाते. १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या राहत्या घराला आपोआप धूर ओळखणारी यंत्रणा लावायची सक्ती त्यात नाही. आयएस २१८९ हे मानक अशा यंत्रणांविषयीच आहे, पण त्याचा रोख पॅनेलवर (एका मध्यवर्ती नियंत्रण पेटीवर) चालणाऱ्या मोठ्या मांडणीवर. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा मोठ्या इमारतींच्या मालकांकडून दर जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मागतो. या सगळ्या जाळ्यातून आपलं दोन-तीन मजल्यांचं घर अलगद खाली पडतं. आणि कोल्हापूर राहतं ते बहुतेक याच उंचीत. पेठांमधल्या माळ्याच्या घरांपासून पाचगाव-कळंब्याच्या रो-हाउसपर्यंत पाहा.

पण कोड म्हणजे 'यापेक्षा कमी नको' अशी खालची रेघ असते. यापेक्षा जास्त करू नका असं ते कुठेच म्हणत नाही. बेडच्या डोक्याशी निळ्या एलईडी पट्ट्या लावा असंही कोडात नाही. टीव्हीमागच्या भिंतीवरचे फोकस, जिन्याच्या पायरीपायरीला दिवा, हॉलच्या झुंबराचा जादा वजन पेलणारा हुक, यातलं काहीच कोडात नाही. सुधारित नकाशात ते सगळं शाबूत आहे, काही वाढलंही आहे. कोडाची आठवण नेमकी अलार्मच्या वेळीच झाली.

जिथे हे कोडात आहे तिथे ते आपसूक आलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०११ साली स्लॅक्स क्रीक इथे एका घराला रात्री आग लागली आणि एकाच कुटुंबाच्या गोतावळ्यातले ११ जण गेले. त्या चौकशीनंतर तिथे कायदा झाला. विकायच्या किंवा भाड्यानं द्यायच्या घरात १ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक झोपायच्या खोलीत एकमेकांना जोडलेले अलार्म हवेत, आणि १ जानेवारी २०२७ पर्यंत सगळ्याच घरांत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागल्यावर स्कॉटलंडनं नियम केला. फेब्रुवारी २०२२ पासून तिथे जुन्या घरांनाही जोडलेले अलार्म लागतात. दिवाणखान्यात एक, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये एक, आणि स्वयंपाकघरात धुरावर नव्हे तर उष्णतेवर चालणारा. अमेरिकेत नव्या घराला प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर असा अलार्म लागतो, घरच्या विजेवर चालणारा, बॅटरीची जोड असलेला आणि बाकीच्यांशी जोडलेला. तिथल्या अग्निसुरक्षा संस्थेची आकडेवारी सांगते, की चालू अलार्म असलेल्या घरांत आगीतल्या मृत्यूंचं प्रमाण, अलार्म नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी आहे. तिथले नियम इथे लागू नाहीत, हे मला समजतं. तिथे माणसं मेल्यावर नियम आले, एवढंच सांगायचंय.

दुसरी तक्रार वेळेची. 'नंतर लावून घ्या की, बॅटरीवाला मिळतो,' असं मला ऐकवलं गेलं. ज्यानं आयुष्यात एकदा तरी स्लॅबखाली पाइप टाकलाय त्यानं हे म्हणू नये. छतातला पाइप आणि बॉक्स सळई बांधताना टाकायचा असतो. काँक्रीट पडल्यावर आठ ठिकाणी छताला झिऱ्या मारायच्या, जिन्याच्या भिंतीतून वर-खाली नवीन पाइप न्यायचा, मग पुट्टी, मग रंग. राहतं घर कोण फोडून घेणार? सळईच्या वेळी हेच काम थोड्या पीव्हीसी पाइपचं, आठ बॉक्सचं आणि काही मीटर तारेचं असतं. खर्च खरा अलार्मचा आहे. तो तुम्ही करा असं मी म्हणत नाही, गिऱ्हाईक करेल. पाइप मात्र फक्त तुम्हीच टाकू शकता, आणि तोही फक्त त्या दोन-चार दिवसांत.

तिसरी तक्रार तुमची, 'फोडणी टाकली की वाजेल'. ही तक्रार हसण्यावारी नेणार नाही, कारण आपल्या गावात ती खरीच आहे. वर्षाच्या चटणीसाठी उन्हाळ्यात मिरच्या भाजायला घेतल्या, की शेजारच्या गल्लीत ठसका लागतो. मटणाचा मसाला परतला जातो, देवघरात धूप असतो, गौरी-गणपतीत आठवडाभर उदबत्त्या. असा कटकट्या अलार्म पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी काढून कपाटात टाकणार. पण हा दोष जागेचा आणि प्रकाराचा आहे. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावायचाच नसतो, तिथे उष्णतेचा लावतात. तो साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला वाजतो. मिरचीच्या खाटानं माणसं खोकतील, तो हलणार नाही. बाकीच्या खोल्यांत फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्यावा. गादी, कापड, वायरचं इन्शुलेशन धुमसतं तेव्हा तो लवकर ओळखतो. ओट्यापासून तो निदान तीन मीटर लांब ठेवावा. देवघर पॅसेजमध्ये असेल तर अलार्म त्याच्या डोक्यावर नको. बाथरूमच्या दारापासूनही तीनेक फूट लांब, नाहीतर गरम पाण्याच्या वाफेनं रोज सकाळी घर जागं होईल. तात्पुरतं गप्प करायचं बटण चांगल्या अलार्मवर असतं, ते घरातल्या बायकांना दाखवून द्या. आमच्याकडे हे काम नेहमी घरातल्या पुरुषाला दाखवून संपवतात, आणि तो दिवसभर घरी नसतो.

जागेचं आणखी एक, कारण परदेशी पुस्तकं इथे उपयोगी पडत नाहीत. तिकडे सांगतात, छताच्या मध्यभागी लावा. आपल्याकडे मध्यभागी पंखा असतो आणि तो वर्षाचे दहा महिने फिरतो. पात्याच्या झोतात धूर अलार्मपर्यंत पोचतच नाही. पात्याच्या टोकापासून निदान ९० सेंटिमीटर अंतर हवं, आणि भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर. दहा बाय दहाच्या खोलीत ४८ इंची पंखा असला, तर ही जागा फक्त कोपऱ्याच्या दिशेनं, तिरक्या रेषेवर मिळते. हा हिशोब नकाशावर होतो. स्लॅब भरल्यावर तो करून काय उपयोग? आणि खाली पीओपीचं छत येणार असेल, तर अलार्म त्या खालच्या छताला. वरच्या पोकळीत लपवलेला अलार्म दिसायला छान असतो, कारण तो दिसतच नाही.

चौथी तक्रार माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे आहे, आणि ती जरा कडक आहे. जिथे हौसेनं असे अलार्म बसवलेत, तिथलं काम पाहून मला झोप लागली नाही. हल्ली पोरं अमेरिकन व्हिडिओ बघून वायरिंग करतात. बघा, पण रंग तिथलेच उचलू नका. तिथे काळी तार फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. अलार्म जोडणारी सिग्नलची तार तिथे लाल. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, आणि लाल म्हणजे फेज. सिग्नलला लाल तार वापरली, की पाच वर्षांनी येणारा दुसरा वायरमन तिला फेज समजणार, किंवा फेजला सिग्नल समजणार. नारिंगी घ्या, जांभळी घ्या, काहीही घ्या, पण फेज, न्यूट्रल, अर्थ यांच्या रंगांत नसलेली घ्या, आणि डीबीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.

तिसरी तार दिसली की ती अर्थला बांधायची, ही सवय हाताला इतकी लागलेली असते की डोकं मध्ये येत नाही. सिग्नलची तार अर्थला गेली, की यंत्रणा मुकी होते किंवा अलार्मच जळतो. अलार्मला अर्थचं टर्मिनल असेल तर ती चौथी तार, वेगळी. दोन कंपन्यांचे अलार्म एका सिग्नल तारेवर जोडू नका, त्यांचे सिग्नल जुळत नाहीत. थ्री-फेज घरात सगळे अलार्म एकाच फेजवर, एकाच सर्किटवर हवेत. तळमजला आर फेजवर आणि वरचा मजला वाय फेजवर असं वाटप इथे चालणार नाही. सप्लाय स्विचच्या मागून घेऊ नका, कुणीतरी तो बंद करणारच. स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) द्यावी की लाइटच्या सर्किटवर घ्यावं, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही चालतात. माझा कौल लाइटला. एमसीबी पडली तर अंधार होतो आणि घरच्यांच्या लगेच लक्षात येतं. स्वतंत्र एमसीबी महिनोन्‌महिने पडून राहिली तरी कोण बघतंय? इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलंत तर उत्तमच, पण न्यूट्रलही त्याच लाइनचं घ्या. फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल भलत्याच सर्किटचं, असं केलं की आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) सारखी पडत राहते. मग घरमालक वैतागतो आणि कुणीतरी शहाणा ती आरसीसीबीच बायपास करून देतो. हे मी पाहिलंय. कुणाच्या घरात ते लिहीत नाही, ज्यानं केलं त्याला कळेल.

आणि अमेरिकेतल्या भाच्यानं बॅगेतून आणलेले अलार्म इथे बसवू नका. ते १२० व्होल्टचे असतात.

'आपल्याकडे असा मालच मिळत नाही' असं तुम्ही म्हणाल. थोडंसं खरं आहे. २३० व्होल्टवरचे, तारेनं जोडायचे घरगुती अलार्म प्रत्येक दुकानाच्या फळीवर नसतात, मागवावे लागतात. पण पर्याय आहे आणि तो तुमच्या ओळखीचाच आहे. दवाखान्यांत, लॉजमध्ये तुम्ही जे लावता तेच छोटं कन्व्हेन्शनल पॅनेल, २४ व्होल्टचं, दोन झोनचं. त्याला दोन तारांची लूप, शेवटी रेझिस्टर, आणि प्रत्येक मजल्यावर, जमल्यास प्रत्येक बेडरूममध्ये हूटर. एकाला धूर लागला की सगळीकडे आवाज, काम तेच. म्हणून मी कुठल्या एका मालाचा आग्रह धरत नाही. पाइप, बॉक्स आणि तार आधी टाकून ठेवा, त्यावर काय बसवायचं ते घरमालक ठरवेल.

पाचवी गोष्ट थोडक्यात. म्हाताऱ्या माणसाचे कान आधी बारीक, उंच आवाजाला जातात. साधा अलार्म तीन हजार हर्ट्झच्या वर किंचाळतो, नेमका तिथेच त्यांना ऐकू येत नाही. म्हणून परदेशात कमी ऐकू येणाऱ्यांच्या खोलीत ५२० हर्ट्झचा जाड आवाज देणारा अलार्म लावतात. माझ्या आईच्या खोलीसाठी मी तशी सोय केली होती. तिची खोली जिन्याला आणि इन्व्हर्टरला लागून आहे. नकाशातून जे आठ गोल पुसले गेले त्यातला हा एक, आणि माझा संताप मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

गॅस गिझरचंही सांगायला हवं, विषय शेजारचाच आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरनं माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तिथे धूर नसतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि स्मोक अलार्मला तो कळत नाही. त्याचा अलार्म वेगळा, पण बऱ्याच कंपन्यांत तो त्याच सिग्नल तारेवर जोडता येतो. तार असेल तर.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या शहरानं पाहिलं. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्यानंतर बरेच दिवस चौकाचौकात आगीविषयी, जुन्या वायरिंगविषयी, फायर ऑडिटविषयी बोलणं चाललं होतं. सगळं सार्वजनिक इमारतींबद्दल. ते बोलणं घराच्या उंबऱ्याआत आलंच नाही. माणूस रात्री नाट्यगृहात झोपत नाही, घरात झोपतो.

आता मागण्या. यातली एकही अवघड नाही.

बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळींकडे : या पुढच्या प्रत्येक घराच्या विजेच्या नकाशात, उंची कितीही असो, प्रत्येक झोपायच्या खोलीत, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये आणि स्वयंपाकघरात अलार्मचा पॉइंट दाखवा, पंख्याचं अंतर मोजून. पाइप, बॉक्स आणि सगळ्यांना जोडणारी जादा तार स्लॅबच्या वेळीच टाका आणि तिचा खर्च घराच्या किमतीत धरा. अलार्म हवेत की नकोत, हे गिऱ्हाइकाला लेखी विचारा. नको म्हणाला तर त्याची सही घ्या. पण त्याच्या माघारी नकाशातून काही पुसू नका.

ठेकेदारांकडे : घराचा ताबा देताना तुम्ही टेस्ट रिपोर्ट देता, इन्शुलेशन आणि अर्थिंगचे आकडे भरता. त्याला एक पान जोडा. कोणत्याही एका अलार्मचं टेस्ट बटण दाबलं आणि बाकीचे सगळे वाजले, अशी नोंद. मेन बंद करून पुन्हा दाबलं आणि तरी वाजले, ही दुसरी नोंद. प्रत्येक अलार्मच्या पाठीमागची उत्पादनाची तारीखही लिहा, कारण दहा वर्षांनी तो बदलायचाच असतो, वाजत असला तरी. रंगकाम संपेपर्यंत त्यावरची धुळीची टोपी काढू नका, आणि ताबा देण्याआधी ती काढायला विसरू नका. परवान्याच्या माणसाची सही आणि काम भलत्याच्याच हातचं, ही जुनी रीत निदान या कामात बंद करा.

महापालिकेच्या नगररचना आणि अग्निशमन विभागांकडे : १५ मीटरखालच्या नव्या घरांसाठी भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जात एक ओळ वाढवा, 'एकमेकांना जोडलेल्या अलार्मसाठी वायरिंग केले आहे / नाही'. सक्ती नको, नुसती नोंद. नोंद आली की लोक विचारायला लागतात. पुढे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत यासाठी दुरुस्ती सुचवायची असेल, तर हातात काहीतरी असेल. आणि पेठांमधली लाकडी तुळयांची, कौलांची जुनी घरं विसरू नका. तिथे नवीन पाइप टाकायला जागा नाही, टाकूही नये. त्यांच्यासाठी बिनतारी जोडणीचे, लांब टिकणाऱ्या बॅटरीचे अलार्म येतात. गणपती मंडळांची मदत घेऊन एखाद्या गल्लीपासून सुरुवात करता येईल.

आयटीआयमधल्या माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्यांना विनंती : प्रात्यक्षिकाच्या बोर्डावर दोन वे स्विचचा जिन्याचा दिवा आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. त्याच्या शेजारी तीन जोडलेले अलार्म लावा. पोरांना एक तासही लागणार नाही.

आमच्या ओळीतल्या घरांचा पहिला स्लॅब पडलाय, त्यात आता काही करता येत नाही. तळमजल्यासाठी भिंतीतून वाट काढावी लागेल, ती मी माझ्या खर्चानं काढेन. दुसरा आणि तिसरा स्लॅब अजून व्हायचेत. सेंट्रिंग लागायला सुरुवात झाली की कळवा. नकाशा दुरुस्त करायला कुणाला वेळ नसेल, तर मी खडू घेऊन येतो आणि बॉक्सच्या जागा प्लायवर आखून देतो. माझ्याच घराच्या नाही, ओळीतल्या सगळ्या घरांच्या.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, इलेक्ट्रिशियन ट्रेड
कोल्हापूर